बासेलहून आई-बाबांना

बासेल, स्वित्झर्लंड
ऑगस्टअखेर

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी इथे मजेत आहे. आई, हे वाक्य तुला कधीच खरं वाटत नाही, म्हणून पुढचंही लिहून टाकते. जेवण वेळेवर होतं, तांदूळ चांगला मिळतो, तू दिलेली आमसुलं पुरवून पुरवून वापरते आहे आणि खोकला गेला. तो खोकला केमिकलचा नव्हता. ऋतू पालटला की इथे सगळ्यांनाच होतो.

लोट्याला केमिकलच्या कारखान्यात काकांचं काय झालं ते तू पुन्हा लिहिलंस. मी ते विसरलेले नाही. पण काका तोंडाला रुमाल बांधून पिंपं धुवायचे. माझ्यासमोर प्रयोगशाळेत तपासायला येते ती पावडर चिमटीतही धरता येणार नाही इतकी थोडी, मिलिग्रॅमवर मोजायची. अ‍ॅसिटोनायट्राइल नावाचा द्रव रोज लागतो, तो घातक आहे, नाही म्हणत नाही. पण तो वाफ ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटातच ओतायचा असतो. हातमोजे, चष्मा, कोट याशिवाय आत पाऊल टाकू देत नाहीत. काकांना यातलं काही मिळालं असतं तर, असं मला इथे कितीदा वाटतं.

आता त्या फोटोबद्दल. माझ्या हातात मासा नाही, पिशवी आहे. इथली एक रीत आहे, ती सविस्तर सांगते, नाहीतर तू मनात भलतंच घेऊन बसशील. उन्हाळ्यात कामं सुटली की लोक ऱ्हाईन नदीवर जातात. लोक म्हणजे पोरंटोरं नव्हेत. बँकेतले साहेब, शाळेतल्या बाई, केस पांढरे झालेले आजी-आजोबा. पोहण्याचे कपडे आतून घातलेलेच असतात. अंगावरचे कपडे, बूट, फोन, पाकीट, घराची किल्ली असं सगळं ते या माशाच्या आकाराच्या रबरी पिशवीत भरतात आणि तिचं तोंड गुंडाळून गुंडाळून घट्ट बंद करतात. आत हवा राहते, त्यामुळे पिशवी बुडत नाही आणि पाणीही शिरत नाही. मग ती पिशवी बरोबर घेऊन नदीत उतरायचं आणि प्रवाह नेईल तसं खाली जायचं. हात मारावे लागत नाहीत. वरच्या अंगाला टिंगेली नावाचं संग्रहालय आहे, तिथे उतरलं की डाव्या हाताला तांबड्या दगडाचं मोठं चर्च दिसतं, मग जुन्या मधल्या पुलाखालून जायचं, पुढे पायऱ्या असतात तिथून वर यायचं. काठावर नळ आहेत, अंग धुवायचं, पिशवीतले कोरडे कपडे घालायचे आणि घर गाठायचं. काही जण कामावरून घरी असेच जातात! मी आमच्या ऑफिसातल्या बाईंना विचारलं, हे कशासाठी? त्या म्हणाल्या, नदी माझ्या घराकडेच जाते. यावर मला पुढे काही विचारताच आलं नाही.

कोणी कोणाकडे बघत नाही, हसत नाही. नियम मात्र कडक आहेत. उजव्या काठानेच जायचं, कारण नदीतून मोठाली मालवाहू जहाजं जातात. पुलाच्या खांबांपासून लांब राहायचं. पिशवीच्या भरवशावर पोहायचं नाही. मी गेले तेव्हा ऑफिसातल्या दोघीजणी बरोबर होत्या आणि मी काठ सोडला नाही. बाबांनी आगरातल्या विहिरीत पाठीला सुके भोपळे बांधून मला पोहायला शिकवलंय, ते पाणी उभं होतं आणि हे वाहतं आहे, एवढं मला कळतं. तेव्हा आई, याचा विषय पुन्हा नको.

बाबा, याच नदीचं तुम्हाला मुद्दाम सांगायचं होतं. बासेलच्या वरच्या अंगाला श्वाइत्सरहाले म्हणून जागा आहे. १ नोव्हेंबर १९८६ ला मध्यरात्र उलटल्यावर तिथल्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत उतरलं. नदी लाल झाली आणि खाली जर्मनीत वाम मासे ढिगांनी मेले. लोक रस्त्यावर आले. त्यानंतर कारखान्यांना आगीचं पाणी अडवायला मोठ्या टाक्या बांधाव्या लागल्या, नदीकाठच्या देशांनी एकत्र येऊन सफाईचा कार्यक्रम आखला, आणि आता बासेलच्या खाली जर्मन हद्दीत एक केंद्र दिवसरात्र या पाण्याची तपासणी करत असतं. आज त्यातच माणसं पोहत घरी जातात. दाभोळच्या खाडीत मासे मेल्याची बातमी आली की तुम्ही कात्रण काढून ठेवता ना, ती कात्रणं टाकू नका. आपली खाडीही अशी होऊ शकते, मला मनापासून वाटतं. कोणीतरी रोज पाणी तपासायला हवं आणि जे निघेल ते लपवता येऊ नये.

तुम्ही विचारलंत की टीव्हीवर दाखवतात ती बेकायदा इंजेक्शनं आमच्याकडे बनतात का. नाही. आमच्याकडे काहीच बनत नाही, दुसऱ्यांनी बनवलेली पेप्टाइडं तपासतात. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. आत्या रोज टोचून घेते ते इन्शुलिन त्याच घराण्यातलं, ५१ अमिनो आम्लांचं. प्रयोगशाळेत अशी साखळी तयार करायची सोपी रीत ब्रूस मेरिफील्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये काढली आणि त्याबद्दल त्याला १९८४ चं नोबेल मिळालं. साखळीचं एक टोक राळेच्या बारीक कणाला बांधून ठेवायचं, एकेक अमिनो आम्ल जोडायचं, दर जोडणीनंतर बाकीचं धुऊन टाकायचं. ऐकायला सोपं आहे. पण प्रत्येक जोडणी ९९ टक्के साधली, तरी ३० अमिनो आम्लांची साखळी पुरी होईपर्यंत पाऊणच माल अखंड उरतो. बाकी पाव हिश्श्यात कुठे मधलं एखादं आम्ल गळलेलं, कुठे साखळी अर्ध्यावर थांबलेली. त्यातून हवी ती वेगळी काढतात. ती खरोखर वेगळी निघाली का, हे बघायचं काम माझं.

एका बारीक पोलादी नळीतून, तिला आम्ही कॉलम म्हणतो, दाबाखाली नमुना सोडायचा. वेगवेगळ्या साखळ्या वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, अतिनील प्रकाशात त्यांची नोंद होते आणि कागदावर शिखरं उमटतात. मोठं शिखर आपलं, बाजूची बारकी शिखरं भेसळीची. हे एचपीएलसी. त्यानंतर मास स्पेक्ट्रोमीटरवर साखळीचं वस्तुमान बघायचं. एक आम्ल गळलं असेल तर तिथे लगेच कळतं. मेथिओनिन या अमिनो आम्लाला हवा लागून ऑक्सिजन चिकटला असेल तर वस्तुमान १६ ने वाढतं. पण ल्यूसिन आणि आयसोल्यूसिन या दोन आम्लांचं वस्तुमान अगदी सारखं, त्यांची अदलाबदल झाली तर हे यंत्र एकट्याने सांगू शकत नाही. म्हणून एका चाचणीवर कधी विसंबायचं नाही, हे मला इथे शिकवलं आणि ते मला पटलंय. ज्या शास्त्रज्ञाकडे ही कुपी जाते तो तिच्यावर वर्षभराचे प्रयोग करतो. आत वेगळंच निघालं तर त्याचं वर्ष गेलं, आणि त्याच्या निष्कर्षावर पुढे उभे राहणारे सगळे चुकले.

आता मामांकडच्या दादाचं, त्याला वजन उतरवायला टोचून घ्यायच्या पेप्टाइडचं. आई, तू लिहितेस, 'तू तिथलीच आहेस तर त्याला चांगल्यातलं पाठव.' मी पाठवणार नाही. प्रयोगशाळेतून एक कणही बाहेर नेता येत नाही, आणि आणता येत असता तरी आणला नसता. त्याने व्यायामशाळेतल्या कोणाकडून बाटली घेतलीय आणि मला तिच्या प्रमाणपत्राचा फोटो पाठवलाय, ९९ टक्के शुद्ध म्हणून. बाबा, हे तुम्ही त्याला समजावू शकाल. पेटी तोलली म्हणजे आंबा तोलला असं होत नाही, पेंढा आणि फळ्याही काट्यावर चढतात. या पावडरीचं तसंच आहे. ९९ टक्के म्हणजे कागदावरच्या शिखरांपैकी ९९ टक्के. कुपीत त्याबरोबर ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक आम्लाचा क्षार असतो, ओलावा असतो, आणि ते त्या शिखरांत धरलेले नसतात. दहा मिलिग्रॅम पावडरीत खरं पेप्टाइड सात-आठच मिलिग्रॅम असणं नेहमीचं. संशोधक ते वेगळं मोजून घेतो आणि हिशेब करतो. दादा कशावरून हिशेब करणार?

आणि हे तर वजनाचं झालं. जंतू मेले तरी त्यांच्या कवचाचा अंश मागे राहतो, त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. तो रक्तात गेला की थंडी वाजून ताप भरतो, जास्त गेला तर जिवावर बेततं. उकळून तो जात नाही. काचेची भांडी कोरड्या भट्टीत २५० अंशांवर अर्धा तास ठेवावी लागतात. तो तपासायला एका समुद्री जीवाचं निळं रक्त वापरतात. घोड्याच्या नालेसारखा दिसतो, लोक त्याला खेकडा म्हणतात पण जात कोळ्या-विंचवांच्या जवळची. आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतो. आता रक्ताशिवाय, प्रयोगशाळेत बनवलेल्या घटकाने ही चाचणी करता येते, २०२१ पासून युरोपच्या औषधकोशात तिला जागा आहे, याचा मला फार आनंद आहे. पण ज्या बाटलीवर 'फक्त संशोधनासाठी' लिहिलंय, तिची ही चाचणी झालीच असेल असं नाही, कारण ती माणसाला टोचायला बनवलेलीच नसते. आत्याच्या इन्शुलिनच्या मागे परवाना आहे, कारखान्याची तपासणी आहे, बॅच क्रमांक आहे. दादाच्या कागदावर बॅच क्रमांक नाही, तारीख नाही, आलेख नाही. त्या बाटलीत काय आहे हे मला त्यावरून सांगता येत नाही. रोज हेच काम करणाऱ्या मला सांगता येत नाही, म्हणजे त्याने ते टोचून घ्यायचं नाही. वजन उतरवायचं असेल तर डॉक्टरांकडे जाऊ दे, लागली तर फी मी देते. मामींना राग आला असेल तर येऊ दे. दादाने लहानपणी मला खांद्यावर बसवून पालखीचं दर्शन घडवलंय, म्हणूनच इतकं लिहिलं.

गणपतीला मी नसेन हे तुम्हाला माहीत आहे. मोदक करणार आहे, पिठी मिळाली, नारळही मिळाला. आरतीच्या वेळी फोन लावा, पण आई, सगळ्यांसमोर तो माझ्याकडे वळवून 'बोल, बोल' म्हणू नकोस. मला तेव्हा बोलता येत नाही.

डेरवणला तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते मला छोटीकडून कळलं, तेही घरी आल्यावर. मला राग आलेला नाही. पण थेंब घालायला घरात कोण होतं, हे कोणीच सांगितलं नाही. बाबांचे हात थरथरतात. पुढच्या डोळ्याच्या वेळी आधी सांगा, मी येईन किंवा माणूस ठेवायचे पैसे पाठवीन, पण सांगा.

पैशांचं. या महिन्यात जास्त पाठवते आहे. पडवीची कौलं पुढच्या पावसाच्या आत केली तरी चालतील, आधी पतपेढीतून आईच्या पाटल्या सोडवून आणा. माझ्या शिक्षणासाठी ठेवल्या होत्यात, त्यांच्याशिवाय छोटीच्या साखरपुड्यात उभी राहू नकोस. शैक्षणिक कर्जाचा हप्ता माझ्या खात्यातून जातो, बाबांनी बँकेत हेलपाटे घालू नयेत.

देवरुखच्या मंडळींना होकार कळवा. मोठीचं ठरलेलं नसताना धाकटीचं कसं, असा विचार नको. छोटीला मुलगा आवडलाय, तिने मला सांगितलंय, तुम्हाला सांगायला लाजते. पुण्याच्या स्थळाला मात्र माझा नकार कळवा. तो फोनवर चांगलं बोलला, पण लग्नानंतर हे काम सोडावं लागेल असं दोनदा म्हणाला, आणि मला ते सोडायचं नाही. लग्नाला माझी ना नाही, हे नीट वाचा. आणि आणखी एक, फोनवर सांगायचा धीर झाला नाही म्हणून इथे लिहिते: मला कायम केलंय. म्हणजे पगार वाढेल, आणि म्हणजे इतक्यात कायमची परत येणार नाही. बाबा, तुम्ही आईला हे सावकाश सांगा.

साखरपुडा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धरा. तेव्हा आम्हाला नाताळची सुट्टी असते, मी नक्की येते.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
मोठी

ता. क. देवरुखकरांना आणि हॉलवाल्यांना तारीख कळवायच्या आधी मला सांगा, मग मी तिकीट काढते. तिकीट निघाल्यावर तारीख हलवू नका.