खुळखुळ्याबद्दल आभार, काका

ती. स्व. काकांस,

सा. न. वि. वि.

तुम्ही मालवणला सुखरूप पोचलात आणि कौलं परतून झाली, हे काकूंच्या व्हॉइस मेसेजवरून कळलं. डॅलसच्या विमानतळावर आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही "आभार कसले मानतंस, बॅग उचल" म्हणून मोकळे झालात. आता मध्ये दोन महासागर आहेत, मला गप्प करता येणार नाही. पत्र उघडपणे लिहितोय त्याला कारण आहे. मंडळातली नवी मुलं हल्ली मला विचारतात, बास माशासाठी कुठला लुअर, म्हणजे खोटं आमिष, घेऊ? माझं उत्तर म्हणजे तुमचंच उत्तर आहे, आणि ते माझ्या नावावर खपायला नको.

मी मूळचा सोलापूरचा. तिकडे मासा म्हणजे उजनीचा, तोही बाजारातून आलेला. गरवणं वगैरे ठाऊकच नव्हतं. इथल्या दुकानातून मी डबा भरून सामान आणलं होतं: रबरी गांडुळं, पोकळ बेडूक, फिरत्या पात्यांचे स्पिनर. तुम्ही तो डबा न उघडताच गाडीच्या डिकीत ठेवायला लावलात आणि तुमच्या डब्यातला एकच लुअर माझ्या हातावर ठेवलात. टणक प्लॅस्टिकचा, दोन्ही बाजूंनी चपटा, विटकरी लाल, वजन अर्धा औंस, म्हणजे चौदा ग्रॅम. पोटात छर्रे, खाली दोन तिहेरी गळ. तुम्ही तो कानाशी हलवून दाखवलात आणि म्हणालात, "ह्यो खुळखुळो. वर्सभर ह्योच. दुसरो मागलंस तर होडयेतसून उतरवीन."

दुकानात त्याला लिपलेस क्रँकबेट म्हणतात. लुइझियानाच्या बिल लुईसने १९६० च्या दशकात काढलेला रॅट-एल-ट्रॅप हा त्या जातीतला सगळ्यांत प्रसिद्ध. इतर क्रँकबेटना हनुवटीखाली प्लॅस्टिकची जीभ असते. ओढलं की ती पाणी कापत खाली नेते, थांबलं की लुअर बहुधा वर तरंगतो. म्हणजे किती खोल जायचं ते कारखान्यातच ठरून येतं. खुळखुळ्याला जीभ नाही. दोरी बांधायची कडी नाकावर नसून पाठीवर असते, त्यामुळे ओढला की तो डोकं खाली घालून अंग थरथरवत येतो आणि छर्रे वाजतात. बासच्या अंगावरून दोन्ही बाजूंनी एक संवेदनारेषा जाते, त्यामुळे गढूळ पाण्यातही त्याला ही थरथर कळते. ओढायचं थांबलं की हा सरळ बुडतो, साधारण सेकंदाला एक फूट. तुम्ही मला टाकल्यावर आकडे मोजायला लावायचात ते यासाठी. वरून पळवायचा, मधून सावकाश आणायचा की तळाशी उचलून सोडायचा, हे सगळं गरवणाऱ्याच्या हातात राहतं.

तुमचा खरा धडा लेक फोर्कवर झाला. डॅलसच्या पूर्वेला दीडेक तासावरचं हे धरण १९८० मध्ये बांधून झालं. त्यात फ्लोरिडा जातीचे बास सोडले आणि राज्याचा विक्रमी मासा, १८.१८ पौंडांचा, जानेवारी १९९२ मध्ये इथंच लागला. (तो खुळखुळ्यावर लागला नव्हता. क्रॅपी नावाच्या लहान माशासाठी लावलेल्या मिनोवर, म्हणजे जिवंत चिमुकल्या माशावर, लागला. हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, मला नंतर कळलं.) फेब्रुवारी सरताना पाणी जरा कोमट व्हायला लागतं, अंडी घालण्याआधी बास उथळाकडे सरकतात, आणि हिवाळ्यात खुरटलेल्या हायड्रिलाच्या, म्हणजे पाण्यातल्या गवताच्या, कडेने फिरतात. त्या दिवसांत त्यांना लाल झिंगे, म्हणजे इथले क्रॉफिश, आवडतात, म्हणून लाल रंग.

तुम्ही खुळखुळा गवताच्या शेंड्यांना घासेल इतकाच खाली जाऊ द्यायला सांगितलंत. तो गवतात अडकला की मी घाबरून रीळ जोरात फिरवायला लागायचो. "थांब रे. तुज्या हाताक काय कळता ता सांग आधी." हाताला कळायचं की बादलीतली ओली साडी ओढावी तसं काहीतरी जड, निर्जीव येतंय. मग तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवून रॉडचा शेंडा एकदाच, आखूड, वर झटकलात. गवत तुटलं, दोरी क्षणभर सैल पडली, खुळखुळा मोकळा होऊन थरथरला, आणि त्याच क्षणी रॉड कमरेतून वाकला. तेव्हापासून मला गवताचा कंटाळा येत नाही. मुलांनो, अडकायला हवं. अडकून सुटतानाच मासा झडप घालतो. स्वच्छ पाण्यातून ओढत बसलात तर दंड दुखतील आणि मासा मिळणार नाही.

मासा लागल्यावर पुढचं निम्मं काम शिल्लक असतं, हेही तुम्हीच सांगितलंत. अर्ध्या औंसाचा टणक लुअर तोंडात असताना बास पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो, तेव्हा त्या वजनानेच बारीक गळ उपटून निघतो. म्हणून रॉड फार ताठ नको, थोडा लवणारा हवा. शेंडा खाली, पाण्याजवळ ठेवायचा, दोरी ताणलेली, आणि जोराचा हिसका मुळीच द्यायचा नाही. जवळ आला की खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलायचा, पण आधी दुसरा गळ कुठं लोंबतोय ते बघायचं. बासचे दात काचपेपरइतपतच असतात, अंगठ्याचं नुसतं साल जातं. सोमवारी ऑफिसात कुणी विचारलंच, तर मी ते मोठ्या अभिमानाने दाखवायचो.

उन्हाळ्यात तोच लुअर, फक्त रंग चंदेरी. पहाटे सँड बास (ही वेगळी, लहान जात) शॅड नावाच्या बारीक माशांचा थवा वर रेटतात आणि पाणी उकळल्यासारखं दिसतं. त्यात लांबून टाकायचा आणि शक्य तितक्या वेगात ओढायचा, यात शिकण्यासारखं फार काही नाही. कडाक्याच्या थंडीत मात्र उलटं. पाणी फार गार झालं की शॅड बधिर होऊन मरायला लागतात, हेलकावे खात बुडतात. तेव्हा खुळखुळा तळाला जाऊ द्यायचा, फूट-दीड फूट उचलायचा, ताणलेल्या दोरीवर पुन्हा पडू द्यायचा. झडप पडतानाच येते, आणि ती झडप नसतेच, दोरी नुसती बाजूला सरकते. ते ओळखायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. तुम्हाला कसं कळायचं, ते अजूनही कळलेलं नाही.

लार्जमाउथ, म्हणजे आपला नेहमीचा मोठ्या तोंडाचा बास, सोडून देण्यावरून आपली जी वादावादी व्हायची तीही आठवते. फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास सोडावाच लागतो, कायदाच आहे. आई सुट्टीत आली होती तेव्हा म्हणाली, "एवढं दमून धरायचं आणि परत पाण्यात टाकायचं, हा कुठला उद्योग?" तुम्ही तिला काही समजावत बसला नाहीत. दुसऱ्या दिवशी सँड बास घेऊन आलात. सालाखालचा लालसर मांसाचा पट्टा काढून टाकला, नाहीतर उग्र वास येतो, आणि काकूंनी तिरफळं घालून तिखलं केलं. आई जन्मात पहिल्यांदा मासा खायला बसली आणि भाकरी मागून घेतली. याचे आभार काकूंना वेगळे.

तुम्ही मला जॉर्ज पेरीची गोष्ट सांगितली होती. २ जून १९३२, मंदीचे दिवस, जॉर्जियातलं एक तळं. २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ, तोही लाकडी टणक लुअरवर. सांगतात की पेरी आणि त्याचा मित्र, दोघांत मिळून तेवढा एकच लुअर होता. मासा वजन करून घरी नेला आणि खाल्ला. त्या वजनाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडावं लागलं, तीही जपानच्या बिवा सरोवरात. ही गोष्ट तुम्ही मला नेमकी मी डिकीतला डबा परत मागितला त्या दिवशी का सांगितलीत, ते तेव्हा लक्षात आलं नव्हतं. आता डब्यात बरंच काही आहे, पण पहिला लुअर बांधतो तो खुळखुळाच. पाणी केवढं, गवत कुठवर, मासा वर की खाली, हे तो अर्ध्या तासात सांगतो. मग हवं तर दुसरं काही बांधावं.

आता कामाचं. मंडळातला एक मुलगा गणपतीला गावी येतोय, त्याच्याबरोबर एक पार्सल पाठवतोय. त्यात चंदेरी आणि सोनेरी असे खुळखुळे आहेत, कोळंबच्या खाडीतल्या चोणकांसाठी. त्यांचे मूळ गळ मी काढून टाकलेत. गोड्या पाण्यातले ते गळ खारं पाणी लागलं की गंजतात, आणि चोणक ते सरळ करून टाकेल. जाड गळ आणि जाड कड्या वेगळ्या पुडीत आहेत, बसवायचा चिमटाही आहे. पुढे हातभर जाड दोरी बांधायला विसरू नका, चोणकाच्या कल्ल्यांचं झाकण धारदार असतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. कांदळांच्या मुळांत टाकू नका, तिथं हा सुटणार नाही. पुलाजवळच्या मोकळ्या पाण्यात भरती फिरताना टाकून बघा आणि काय लागलं ते कळवा. तांबोशी लागली तर फोटो आधी आईला पाठवा.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
घाटावरचो