'प्रेडेटर'ची डिस्क: सुहासला पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नवा टीव्ही आला, ४के प्लेअर आला, आणि पहिला मान 'प्रेडेटर'ला द्यायचा ठरवलायस. उत्तम. कुठली डिस्क घेऊ, असं विचारलंयस म्हणून आधी सरळ सांगतो: २०१८ ची ४के यूएचडी घे. २०१० ची 'अल्टिमेट हंटर एडिशन' नावाची ब्ल्यू-रे कुणी फुकट दिली तरी घेऊ नकोस. तिच्यावरचं चित्र बघून हा सिनेमाच आता जुना झाला असं तुला वाटेल, आणि तो या सिनेमावर अन्याय होईल.

हा सिनेमा १९८७ चा. दिग्दर्शक जॉन मॅकटिएर्नन, कॅमेऱ्यामागे डोनाल्ड मॅकअल्पाइन, आणि चित्रीकरण मेक्सिकोत, पुएर्तो वायार्ता आणि नंतर पालेंकेच्या बाजूच्या जंगलात. ओलिसांना सोडवायला निघालेली कमांडो तुकडी ही त्याची सुरुवात. परग्रहावरचा शिकारी बराच वेळ नीट दिसतच नाही. तोवर पडद्यावर असतं काय? घाम, चेहऱ्याला फासलेला रंग, आणि पानं, पानं, पानं. दाट झाडीखालचा अंधुक उजेड आणि ३५ मिलिमीटर फिल्म, म्हणजे चित्रात रवा भरपूर. रवा म्हणजे फिल्म धुताना चांदीच्या कणांभोवती तयार होणारे ते रंगाचे बारीक ठिपके रे, ज्यांना सगळे ग्रेन म्हणतात. चित्र बनलंय ते त्यातूनच. तो काढायला गेलं की चित्रही त्याच्याबरोबर जातं.

२००८ ची पहिली ब्ल्यू-रे एमपीईजी-२ या जुन्या पद्धतीने दाबलेली, म्हणजे डेटा आकसवून बसवलेली होती. या पद्धतीला सारख्याच दर्जासाठी नव्या पद्धतींपेक्षा खूप जास्त डेटा लागतो. रव्याचा प्रत्येक कण दर फ्रेमला जागा बदलतो, त्यामुळे आधीच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधता येत नाही, आणि डेटा कमी पडला की हलत्या पानांमध्ये चौकोनी ठोकळे दिसायला लागतात. तरीही ती डिस्क प्रामाणिक होती.

२०१० साली मालिकेतला नवा सिनेमा यायचा होता. त्याच सुमाराला कंपनीने जुन्याची 'स्वच्छ' आवृत्ती काढली. त्यात डिजिटल नॉइज रिडक्शन, म्हणजे डीएनआर, सढळ हाताने मारलं होतं. हे सॉफ्टवेअर शेजारच्या फ्रेम आणि शेजारचे पिक्सेल यांची सरासरी काढतं आणि जे जुळत नाही ते पुसून टाकतं. पण रव्याचा कण कुठला आणि कातडीवरचं छिद्र, घामाचा थेंब, दाढीचा खुंट कुठला, हे त्याला कळत नाही. म्हणून श्वार्झनेगर, कार्ल वेदर्स, बिल ड्यूक, तुकडीतले सगळे नट मेणाचे झाले. मागच्या झाडीचा हिरवा लगदा झाला, आणि कॅमेरा वळला की तो लगदा चेहऱ्यांमागे सरपटतो. शिवाय पाहणाऱ्यांनी 'किती क्लीन प्रिंट!' म्हणून कौतुकही केलं.

डिस्क हातात आली की सुरुवातीचा हेलिकॉप्टरमधला प्रसंग लाव. आत लाल दिवा आहे, उजेड कमी आहे, रवा जास्त असायलाच हवा. गालावर बारीक कण वळवळताना दिसले तर डिस्क चांगली. गाल गुळगुळीत आणि डोळ्यांच्या कडा मात्र करकरीत दिसल्या, तर एकतर डिस्क चुकीची आहे किंवा तुझा टीव्ही उद्योग करतोय. ४केच्या पेटीतली साधी ब्ल्यू-रे याच प्रसंगावर तपासल्याशिवाय पाहुण्यांपुढे लावू नकोस.

एक गोष्ट मात्र दोष समजू नकोस. शिकारी अदृश्य रूपात झाडीतून सरकतो त्या शॉट्समध्ये रवा एकदम वाढतो आणि चित्र किंचित मऊ होतं. कारण ते काम संगणकावर झालेलं नाही. भडक लाल पोशाख घातलेल्या माणसाला झाडीत उभं करून एक टेक घेतला. लाल का, तर झाडांचा हिरवा आणि आकाशाचा निळा या दोन्हींपासून तो रंग सगळ्यांत लांब पडतो. लाल भाग वगळला की माणसाच्या आकाराची रिकामी जागा उरते. मग माणसाशिवाय तोच शॉट तीस टक्के जास्त रुंद लेन्सने पुन्हा घेतला आणि दोन्ही एकत्र छापले. रिकाम्या जागेत जंगलच भरलं, पण वेगळ्या मापाचं, म्हणून कडा वाकल्यासारख्या दिसतात. ऑप्टिकल प्रिंटर, म्हणजे फिल्मवरून फिल्मवर छापणारं यंत्र; त्यातली प्रत्येक छपाई म्हणजे फिल्मची एक पिढी पुढे, आणि प्रत्येक पिढी आपला रवा घेऊन येते. सवय झाली की शिकारी दिसायच्या आधीच रव्यावरून कळतं की तो या शॉटमध्ये आहे. २०१० च्या डिस्कने ही गंमतसुद्धा पुसली.

शिकाऱ्याला उष्णता दिसते; त्याच्या नजरेतून घेतलेले ते शॉट्स तर आणखी वेगळे. इन्फ्रारेड फिल्म शरीराच्या उष्णतेच्या लहरी पकडत नाही, म्हणून तिथे इन्फ्रामेट्रिक्सचा थर्मल व्हिडिओ स्कॅनर वापरला. ते मुळात व्हिडिओ आहे, धूसरच दिसणार. ४के डिस्कलाही ते अधिक रेखीव करता येत नाही. एचडीआरचा, म्हणजे उजेड आणि रंगांचा मोठा पल्ला दाखवण्याच्या सोयीचा, फायदा आहे तो रंगांत: थर्मलमधले लाल-पिवळे, स्फोट, आणि ते चमकणारं हिरवं रक्त. केमिकल लाइटच्या कांड्यांतलं द्रव्य आणि केवाय जेली, एवढीच त्या रक्ताची पाककृती.

आता टीव्ही. दुकानातून येतो तेव्हा तो स्वतःच डीएनआर मारत असतो, म्हणजे चांगली डिस्क घेऊनही तू घरबसल्या २०१० ची आवृत्ती बघशील. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लाव, नसेल तर 'सिनेमा'. नॉइज रिडक्शन आणि एमपीईजी नॉइज रिडक्शन दोन्ही बंद. शार्पनेस सॅमसंगवर शून्य, पण सोनीवर ५० हाच तटस्थ आकडा आहे. तिथे शून्यावर आणलंस तर चित्र उलट मऊ होईल. मोशनफ्लो, ट्रूमोशन, जे काही नाव असेल ते बंद. ते दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या फ्रेम घुसवतं, रव्यापुढे गोंधळतं, आणि सिनेमा मालिकेसारखा दिसतो. प्लेअरमध्ये २४पी आउटपुट चालू ठेव. वीजबचत आणि खोलीचा उजेड मोजणारा सेन्सर हेही बंद, नाहीतर शेवटची रात्रीची झुंज काळोखात बुडेल आणि तू ब्राइटनेस वाढवत बसशील. त्याने काळा रंग राखाडी होतो, तपशील काही दिसत नाही. त्यापेक्षा खोलीतला दिवा घालव.

आणखी दोन गोष्टी बघ. ज्या एचडीएमआय सॉकेटला प्लेअर जोडलाय, त्याची पूर्ण बँडविड्थ सेटिंगमधून चालू करावी लागते. सॅमसंगवर तिला 'इनपुट सिग्नल प्लस' म्हणतात, सोनीवर 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. केबल १८ गिगाबिटची असू दे. दुसरं, सिनेमा १.८५ मापाचा आहे, म्हणून वर-खाली साधारण ४२-४२ ओळींची बारीक काळी पट्टी दिसायला हवी. दिसत नसेल तर टीव्ही चित्र ताणून कडा कापतोय. ओव्हरस्कॅन बंद कर.

आवाज ५.१ डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ आहे, डोक्यावरूनही आवाज देणारं अॅटमॉस नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. बऱ्याच सॅमसंग आणि काही एलजी टीव्हींतून डीटीएस पुढे जात नाही, म्हणून प्लेअर थेट स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरला जोड आणि तिथून टीव्हीला. प्लेअरमध्ये बिटस्ट्रीम, म्हणजे आवाज न उलगडता पुढे पाठवणं, निवड आणि सेकंडरी ऑडिओ बंद कर, नाहीतर फक्त साधा डीटीएस गाभा मिळतो. सबवूफरचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज त्याच्याकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झ. संगीतकार अॅलन सिल्व्हेस्त्रीच्या ढोलांना खालची जागा लागते.

आणि मिनीगन! तू नेहमी विचारतोस, तसली तोफ कुणी कमांडो हातात घेऊन फिरेल का म्हणून. हिशेब कर. एम१३४, म्हणजे हीच मिनीगन, मिनिटाला ६,००० गोळ्यांपर्यंत जाते. ७.६२ मिलिमीटरचं एक काडतूस साधारण २४ ग्रॅम धर, म्हणजे मिनिटाला जवळजवळ १४४ किलो दारूगोळा. शिवाय बंदुकीचं वजन वेगळं, आणि मोटर चालवायला वीज. सिनेमात वेग सुमारे १,२५० वर आणला होता, म्हणजे फिरणाऱ्या नळ्या दिसतात, आणि विजेची तार ती चालवणाऱ्या नटाच्या, जेसी व्हेंचुराच्या, पॅन्टमधून गेली होती. तो माणूस पुढे मिनेसोटाचा गव्हर्नर झाला आणि श्वार्झनेगर कॅलिफोर्नियाचा, हे तर तुला माहीतच आहे. छावणीवरचा हल्ला आणि झाडं कापणारा तो गोळीबार रिसीव्हरचा नाइट मोड बंद करूनच ऐक. रात्री ऐकणार असशील तर खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांग.

खरेदीचं: ब्ल्यू-रे डिस्क आणि प्लेअरना जगाचे विभाग, म्हणजे रीजन, ठरवून दिलेले असतात. आपल्याकडचे ब्ल्यू-रे प्लेअर रीजन सी, अमेरिकन डिस्क ए, ब्रिटिश बी, म्हणून साधी ब्ल्यू-रे बाहेरून मागवताना अडकायला होतं. ४के यूएचडीला रीजनची भानगडच नाही; कुठूनही माग. तुझ्याकडची जुनी पाल (PAL, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या टीव्ही पद्धतीची) डीव्हीडी मात्र आता कपाटात ठेव. २४ फ्रेमचा सिनेमा तिच्यावर २५ ने पळतो, १०७ मिनिटांचा १०३ मध्ये संपतो, आणि श्वार्झनेगरचा आवाज साधारण पाऊण अर्धस्वर (सेमीटोन) चढतो. मोबाइलवरच्या स्ट्रीमिंगबद्दल बोलायलाच नको: रवा हीच दाबायला सगळ्यांत महाग गोष्ट, आणि डेटा वाचवायला पहिला बळी त्याचाच जातो.

यूएचडी डिस्क एकाच जागी अडखळली तर प्लेअरला दोष देण्याआधी उजेडात तिरकी धरून बोटाचा ठसा शोध. थर इतके दाट असतात की एक ठसा पुरतो. मायक्रोफायबरने मध्यापासून कडेकडे सरळ पूस, गोल फिरवू नकोस. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने पडतो आणि लेसरला तो ओलांडता येत नाही. तरी अडली तर प्लेअरचं फर्मवेअर अद्ययावत करून बघ, आणि मगच डिस्क बदलून माग. बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत एकदा शेवटपर्यंत चालवून बघ, कारण दोष असला तर बहुतेक वेळा थर बदलतो तिथे, म्हणजे सिनेमा निम्मा झाल्यावर सापडतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू