महाधमनीच्या रुग्णाची वार्षिक तपासणी जिल्ह्यातच व्हावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पोट न फाडता महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा, फुगा दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेवर आपल्या आरोग्य पानावर आलेला लेख वाचला. असा विषय आपण घेतलात याबद्दल आधी आभार. जांघेतल्या धमनीतून तार सरकवून आत धातूच्या जाळीची, कापड लावलेली नळी (स्टेंट) कशी बसवतात, हे लेखात छान समजावलं आहे. पण शेवटी ‘रुग्ण दोन-तीन दिवसांत पूर्ण बरा होऊन घरी जातो’ असं वाक्य आहे, त्याला माझी हरकत आहे. घरी जातो हे खरं. पूर्ण बरा होतो हे खरं नाही, आणि आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसांनी ते खरं मानलं तर जीवावर बेतू शकतं.

माझ्या मोठ्या भावावर नागपूरला ही शस्त्रक्रिया झाली. धानाची शेती आणि उभ्या आयुष्याची विडी. फुगा सापडला तोही अवचित, मुतखड्याच्या दुखण्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत. मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक, त्यामुळे डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, मग वाचत गेलो. त्यातलं जे प्रत्येक रुग्णाच्या घरी माहीत असायला हवं ते लिहितो.

पोटातली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ३ सेंटिमीटरला पोचली की तिला फुगा म्हणतात आणि पुरुषांत ५.५ सेंटिमीटरला दुरुस्तीचा विचार होतो. हा आजार मुळात भिंतीचा आहे. भिंतीला लवचिकपणा देणारे इलॅस्टिनचे तंतू तुटत जातात, स्नायूपेशी कमी होतात, दाह झालेल्या जागी जमलेल्या पेशी भिंत कुरतडणारी एंझाइम सोडतात. मोठ्या वयात शरीर इलॅस्टिन नव्याने जवळजवळ बनवतच नाही. तंबाखूचा धूर हे यातलं सगळ्यात मोठं टाळता येण्यासारखं कारण. बसवलेली नळी या भिंतीवरचा रक्ताचा दाब काढून घेते. आजारी भिंत मात्र आत तशीच राहते.

शरीर परक्या वस्तूला काय उत्तर देतं, यावरच पूर्वी एक उपाय बेतलेला होता. १९४८ साली रुडॉल्फ निसेन या शल्यविशारदांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या महाधमनीच्या फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळलं. सेलोफेनमुळे भोवती व्रणासारखी जाड ऊती धरेल आणि तीच फुग्याला आवरून ठेवेल, असा हिशेब होता. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून थोडं अधिक जगले. १९५५ साली तो फुगाच फुटून गेले. अर्जेंटिनाचे शल्यविशारद हुआन पारोदी यांनी ब्यूनोस आयर्सला जांघेतून नळी बसवली ती १९९० साली. तेव्हापासून साहित्य खूप सुधारलं आहे. शरीराचं उत्तर मात्र आजही वर्षानुवर्षं चालूच राहतं.

त्याचा पहिला अनुभव आम्हाला घरी आल्या आल्याच आला. भावाला ताप भरला. जांघेतल्या बोटभर जखमा कोरड्या, खोकला नाही, लघवी साफ, तरी अंग तापलेलं. घरात रडारड, ‘आत पू झाला’ म्हणून. गावातल्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. नागपूरला फोन लावला तेव्हा कळलं की नळी बसवल्यावर बऱ्याच रुग्णांना पहिल्या काही दिवसांत असा ताप येतो. नळीच्या कापडामुळे आणि फुग्यात नव्याने गोठणाऱ्या रक्तामुळे दाह होतो, पांढऱ्या पेशी वाढतात, सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) वाढतो आणि बहुतेकांत हे सगळं आपोआप ओसरतं. पण नळीला खरोखर जंतुसंसर्ग झाला तर ती फार गंभीर गोष्ट असते, म्हणून ताप कोणताही असो, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना कळवलाच पाहिजे. रक्त तपासलं, ताप उतरला, आम्ही सुटलो. सुट्टी देताना ही दोन वाक्यं कोणी सांगितली असती तर ती रात्र तशी गेली नसती.

पुढचं उत्तर सावकाश येतं. सगळं नीट बसलं तर फुग्यात रक्त गोठतं आणि महिन्या-वर्षांत फुगा आकसत जातो. पण महाधमनीला मागून कमरेकडच्या लहान धमन्या जोडलेल्या असतात. त्यांतून रक्त उलटं फिरून फुग्यात झिरपू शकतं. आमच्याकडे पाट बंद केला तरी खेकड्याच्या भोकांतून बांधीत पाणी येत राहतं, तसंच हे. बऱ्याचदा ही गळती आपोआप बंद होते. फुगा वाढत असेल तर मात्र उपाय करावा लागतो. नळीच्या टोकाशी गळती असेल तर ती अधिक धोक्याची, तिथे थांबून चालत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माणसाच्या शरीरात या नळीला आतून नवं अस्तर पूर्ण धरत नाही. कडेला थोडंसं धरतं, मध्ये बराचसा फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या तंतूंचा, थरच राहतो. धमनीच्या भिंतीशी नळी एकजीव होत नाही. ती स्वतःच्या बाहेरच्या ताणावर आणि बारीक आकड्यांवर टिकते. त्यासाठी धमनीपेक्षा साधारण १० ते २० टक्के मोठ्या मापाची निवडतात. पण ती जिथे धरलेली असते तो वरचा भागही काही रुग्णांत वर्षांगणिक रुंदावतो. मग पकड सुटते, नळी खाली सरकते, रक्त पुन्हा फुग्यात शिरतं. रुग्णाला यातलं काही जाणवत नाही. तो शेतात जातो, पोळ्याला बैल सजवतो, आणि आत फुगा वाढत असतो.

ही नुसती भीती नाही. नळी बसवणं आणि पोट उघडून दुरुस्ती करणं यांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘ईव्हार-१’ चाचणीत पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू नळीच्या गटात पोट उघडलेल्या गटापेक्षा निम्म्याहून कमी होते. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन निष्कर्षांत दिसलं की आठ वर्षांनंतर फुग्याशी संबंधित मृत्यू नळीच्याच गटात जास्त होते, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे नळी बसवल्यानंतरही फुगा फुटणं. म्हणून पहिल्या महिन्यात सीटी, वर्षाने पुन्हा, आणि सगळं ठीक असेल तर पुढे डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी, तीही जन्मभर, अशी साधारण रीत आहे.

आता आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातून ही रीत पाळून दाखवा. नागपूरला जायचं म्हणजे सोबत एक माणूस, दोघांची मजुरी बुडणार, राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. रोवणी किंवा कापणी चालू असली की तारीख पुढे जाते आणि मग कायमची जाते. आमच्या भागात सोनोग्राफीची रांग गरोदर मातांची असते, ती तशी असायलाच हवी. पण वर्षातून एकदा अशा रुग्णाला वेळ देणं अशक्य आहे का? भावाचा एक रिपोर्ट माझ्यासमोर आहे. त्यात ‘फुगा दिसतो, स्टेंट जागेवर आहे’ एवढंच लिहिलं आहे. माप नाही. गेल्या वेळेपेक्षा फुगा ५ मिलिमीटरने वाढला की सावध व्हायचं असतं. मापच नसेल तर वाढला हे कळणार कसं?

म्हणून आरोग्य विभागाला विनंती आहे की जिल्हा पातळीवर, निदान गोंदियाला, डॉप्लरसह ही वार्षिक तपासणी ठरलेल्या दिवशी मिळावी, रिपोर्टात फुग्याची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिणं सक्तीचं असावं आणि तो नागपूरच्या डॉक्टरांकडे परस्पर पाठवला जावा. शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांनी सुट्टीच्या कागदासोबत मराठीत एक पान द्यावं: ताप आला तर काय, तपासणी कधी, विडी का सोडायची. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनाही एकदा पोटाची सोनोग्राफी करायला सांगावं, कारण हा आजार घराण्यात चालतो. मी करून घेतली.

आणि आपल्याला विनंती ही की त्या लेखातलं वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करावं, सोबत एवढं छापावं: ही शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली, चक्कर आली, घाम सुटला, तर गॅसचं औषध देऊन वाट पाहू नका, १०८ ला फोन करा आणि नळी बसवल्याचं पहिल्यांदा सांगा.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया