चालण्यात कसली शर्यत?

प्रिय दिनकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. ‘चालण्यात कसली आली आहे शर्यत?’ असे तू विचारतोस; दोनदा पायी वारी केलेल्या माणसाने हे विचारावे, याची मला मौज वाटली. उत्तरादाखल एडवर्ड पेसन वेस्टन या अमेरिकन गृहस्थाची हकिगत कळवतो.

तिचा उगम एका हरलेल्या पैजेत आहे. १८६० च्या निवडणुकीत लिंकन पडणार, असे वेस्टन पैजेवर सांगून बसला, आणि त्यामुळे बॉस्टनहून वॉशिंग्टनपर्यंतचे ४७८ मैल दहा दिवसांत पायी तोडून लिंकन यांचा शपथविधी गाठणे त्याच्या नशिबी आले. आळंदी ते पंढरपूरच्या तिप्पट अंतर, वारीच्या जेमतेम निम्म्या दिवसांत, आणि तेही ऐन हिवाळ्यात! ४ मार्च १८६१ रोजी तो पोहोचला, तेव्हा शपथविधी उरकून काही तास झाले होते. तरीही हा पठ्ठ्या रात्रीच्या नृत्यसमारंभाला हजर राहिला.

पुढे चालणे हाच त्याचा पेशा झाला. १८७६ मध्ये लंडनच्या अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमध्ये तो चोवीस तासांत १०९ मैलांहून अधिक चालला. प्रतिस्पर्धी पर्किन्सने केव्हाच हात टेकले होते. मात्र वेस्टनच्या तोंडाला लागलेला तपकिरी रंग डॉक्टरांच्या नजरेतून सुटला नाही, आणि आपण कोकाची (ज्यापासून कोकेन बनते त्या झुडपाची) उत्तेजक पाने चघळत होतो हे त्याला कबूल करावे लागले. त्या काळी त्यावर बंदी नव्हती, तरी मला ते खटकते.

१८७९ मध्ये त्याच हॉलमध्ये सहा दिवसांत ५५० मैल कापून त्याने अ‍ॅस्ली पट्टा, म्हणजे लांब पल्ल्याच्या पायी शर्यतीतील विजेत्याचा मानाचा पट्टा, जिंकला. येथे तू मला कोंडीत पकडशील, कारण त्या स्पर्धेत धावण्याची मुभा होती आणि चाळिशीच्या वेस्टनने ती पुरेपूर वापरली. म्हणूनच मी १९०७ ची गोष्ट वरची मानतो: अमेरिकेच्या मेन राज्यातील पोर्टलंड ते शिकागो ही १८६७ साली केलेली वाट त्याने अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा धरली आणि स्वतःच्याच जुन्या वेळेतून एक दिवसाहून अधिक काळ वाचवला.

मोटारींमुळे माणसे आळशी होतात, असे तो सर्वांना बजावत असे. १९२७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका टॅक्सीने त्याला धडक दिली. त्यानंतर तो चालू शकला नाही आणि १९२९ मध्ये नव्वदाव्या वर्षी वारला.

वहिनींना नमस्कार. यंदा वारीला निघालास, तर आधी कळव.

तुझा,
वसंत