वोड, कडबेअर आणि आपली निराळी मंडळी

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू विचारलंस की हे जुने इंग्रजी शब्द कशाला गोळा करत बसलायस, त्यातही रंगाऱ्यांचेच का, तेव्हा मागे ट्रॅफिकचा आवाज आणि मलाही धड सांगता येईना, म्हणून आता निवांत लिहितोय. पत्र लांबणार, चहा घेऊन बस.

मला ह्या एकेका शब्दामागे आख्खा धंदा दिसतो रे. वोड घे. मोहरीच्या कुळातलं पिवळ्या फुलांचं रोप, पण पानांतून निघतो निळा रंग, आपल्या निळीतलंच द्रव्य फक्त कितीतरी कमी. इंग्लंडमधल्या लिंकनशर, केंब्रिजशर ह्या पाणथळ भागात त्याची शेती व्हायची. पानं खुडायची, घोडा जुंपलेल्या मोठ्या चाकांखाली चिरडायची, लगद्याचे हातांनी गोळे वळायचे, फळ्यांवर वाळवायचे आणि मग तेच गोळे फोडून, पाणी मारून, ढीग करून कित्येक आठवडे आंबवायचे. वास असा सुटायचा की पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात राजवाड्यांच्या आसपास वोड लावायलाच मनाई होती! पण कापड रंगाच्या कुंडातून वर काढलं की आधी पिवळट हिरवं दिसायचं आणि हवा लागली की बघता बघता डोळ्यासमोर निळं व्हायचं. हे वाचताना अजून अंगावर काटा येतो माझ्या. लिंकनशरमधल्या बॉस्टन गावाशेजारी स्कर्बेकला वोडची शेवटची गिरणी १९३२ मध्ये बंद पडली, म्हणजे आपल्या आजोबांच्या काळापर्यंत हे चालू होतं बघ.

दुसरा माझा लाडका शब्द कडबेअर. जांभळट लाल रंग, दगडांवर वाढणाऱ्या लायकेनपासून काढलेला (गोड्या मसाल्यातलं दगडफूल असतं ना, तेही लायकेनच). कथबर्ट गॉर्डन नावाच्या स्कॉटिश माणसाने १७५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि स्वतःच्या नावावरूनच रंगाला नाव दिलं. रंग काढायला अमोनिया लागायचा, आणि तो कुठून आणायचा तर शिळ्या लघवीतून, त्या शिळ्या लघवीलाही इंग्रजीत वेगळा शब्द होता, लँट. ग्लासगोत जॉर्ज मॅकिंटॉशने ह्याचा कारखाना काढला, रेनकोटवाल्या चार्ल्स मॅकिंटॉशचे हे वडील, तर त्यांनी सगळीकडून उंच भिंत घातली आणि कामगार ठेवले ते डोंगराळ भागातले, गेलिक ही वेगळीच भाषा बोलणारे, म्हणजे रंगाची युक्ती बाहेर फुटायला नको. गावभरची लघवी मात्र पिपं भरभरून आत जायची. आता हे सगळं एका शब्दात बसलंय आणि तो शब्द आज कुणी उच्चारतसुद्धा नाही, ह्याचं वाईट वाटतं मला, खरंच वाटतं.

आणि असं नको समजू की हे सगळं तिकडचंच आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षेला आपण जी कॅमलची पेटी घेऊन जायचो त्यातली क्रिमसन लेक आठवते? त्यातलं लेक म्हणजे आपली लाख, लाखेच्या किड्यापासून निघणाऱ्या लाल रंगावरून आलेलं. क्रिमसनही तसंच, ओकच्या झाडावरचे कर्मेस नावाचे किडे वाळवून तो रंग करायचे, आपला किरमिजी आणि तो एकाच घरचे. चित्रकारांचा जुना पिवळा गँबोज हा कंबोडियाकडच्या एका झाडाचा चीक, नावही कंबोडियावरूनच पडलं, आणि ते झाड गार्सिनिया, म्हणजे आपल्या कोकमाचं सख्खं भावंड. आपण नुसता ब्रश बुडवत होतो, कुणी सांगितलंच नाही की ह्या डबीत काय काय आहे. शाळेत हे सांगायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे.

मग हे शब्द गेले कसे, तर १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा पोरगा डांबरातल्या द्रव्यांपासून क्विनाइन करायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. पुढे १८६८ मध्ये जर्मनीत मॅडरचा, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्या तिकडच्या बहिणीचा, लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला आणि थोड्याच वर्षांत फ्रान्स, हॉलंडमधली मॅडरची शेती बसली. १८९७ ला कृत्रिम नीळ बाजारात आली, त्यात आपल्याकडच्या निळीचं काय झालं ते तुला मी सांगायला नको. कापड स्वस्त झालं, गरिबाच्या अंगावर रंग आला, ते चांगलंच झालं. पण शेत, कुंड, वास आणि हात गेले तसे शब्दही गेले.

राहिली ती आडनावं. लिस्टर म्हणजे रंगारीच. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात नॉरफोकचा पुढारी जेफ्री लिटस्टर हा धंद्याने रंगारी होता. आपल्याकडे पूर्वी निळीचं काम करणारी ‘निराळी’ नावाच्या जातीची मंडळी आहेतच की, आणि म्हणूनच एक काम सांगतोय, नाही म्हणू नकोस. तुझ्या मामींच्या माहेरी नगरला त्यांच्यातले थोरले कुणी असतील तर दिवाळीत जाशील तेव्हा विचार, कुंडाला काय म्हणायचे, नीळ तयार झाली हे कशावरून ओळखायचे, तुरटी, हिराकस कशाला वापरायचे. जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहून घे, मोबाइलवर रेकॉर्ड केलंस तर फारच छान, आणि मला लगेच पाठव.

तुझा,
अव्या