मेसच्या काकूंना, प्रयुक्त म्हणून बसल्याबद्दल

काकू,

हे तुमची सून तुम्हाला वाचून दाखवणार आणि मध्ये मध्ये हसणार, हे धरूनच लिहितेय.

तिसऱ्या वर्षाला मी मानसशास्त्र स्पेशल घेतलं (आता नव्या धोरणात त्यालाच मेजर म्हणतात), तेव्हा बार्शीहून आत्याचा फोन आला होता, ‘वेड्यांची डॉक्टर व्हायला पुण्याला कशाला?’ नुसत्या बी.ए.वर कुणावर उपचार करता येत नाहीत, हे घरी समजावण्यातच वर्ष गेलं. मैत्रिणी म्हणायच्या, माझ्या मनातलं ओळख. तुम्ही विचारलंत, ‘प्रॅक्टिकलला काय कापता गं?’

कापत काही नाही, माणूस समोर बसवतो. त्याला प्रयुक्त म्हणायचं. वर्गातल्या मुली एकमेकींच्या प्रयुक्त व्हायच्या, पण सगळ्यांना सगळे प्रयोग पाठ, कुठे किती चुका ‘यायला हव्यात’ तेसुद्धा. मॅडम म्हणाल्या, बाहेरचं माणूस आणा. दुपारच्या पंगती उठल्यावर तुम्हाला दोन तास मोकळे असायचे, ते झोपेचे असतात हे माहीत असूनही मी विचारलं. गेटवर शिपायाने अडवलं तर ‘माझी परीक्षा आहे’ म्हणून तुम्ही सरळ आत आलात.

तो तारा आठवतो? पत्र्याच्या आडोशामागे हात, समोर आरसा, आणि आरशात बघून दुहेरी रेषेच्या मधून तारा गिरवायचा. कडेला लागलं की टक्. आधी डाव्या हाताने एकदा, मग उजव्याने दहा वेळा, मग पुन्हा डाव्याने. उजव्याचा सराव डाव्याला उपयोगी पडतो का, हे बघायचं असतं. पहिल्याच कोपऱ्यावर तुमचा हात अडकला. वर न्यायला जावं तर खाली येतोय. ‘रोज दारात रांगोळी काढते मी,’ हे तुम्ही त्या यंत्राला सुनावलंत, मला नाही. शेवटच्या फेरीत डाव्या हाताच्या चुका निम्म्याहून कमी झाल्या होत्या. नंतर कसं वाटलं ते विचारून लिहून घ्यायचं असतं. तुम्ही सांगितलंत, ‘टक् झालं की हात आखडतो, आणि आखडला की परत टक् होतं.’ मी जर्नलमध्ये दीड पान चर्चा लिहिली होती. मॅडमनी खूण केली ती तुमच्या त्या ओळीखाली.

स्मरणाचा प्रयोग मात्र तुम्ही पार मोडलात. निरर्थक शब्दांची यादी असते ती. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने असे शब्द स्वतःच पाठ करून माणूस किती वेगाने विसरतो ते मोजलं, 1885 साली पुस्तक काढलं. शब्दांना अर्थ नको, म्हणजे जुनी ओळख मदतीला येत नाही. तुम्हाला ‘बुग’ म्हणजे अर्धी बुगडी, ‘मेथ’ म्हणजे निवडायची राहिलेली मेथी. दहाच्या दहा सांगून मोकळ्या! मी चिडले होते, खरं सांगते. मॅडम हसल्या आणि ग्लेझ नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा लेख वाचायला दिला. कोणता निरर्थक शब्द किती जणांना कशाची तरी आठवण करून देतो, हे त्याने 1928 मध्येच मोजून ठेवलं होतं. दोष तुमचा नव्हता, यादी मी वाईट निवडली होती.

आणि संख्याशास्त्र. त्या पेपरापायी मी विषयच बदलायला निघाले होते, अर्जही लिहिला होता. सरासरी कळायची, प्रमाण विचलन डोक्यावरून जायचं. सूत्र पाठ, पण ते मोजतं काय? तुम्ही कणीक मळत होतात. म्हणालात, ‘चाळीस पोरी, सरासरी चार पोळ्या, म्हणून 160 लाटल्या की झालं असं समजतेस? एका टेबलावर सगळ्या चार चार खातात. दुसऱ्यावर एक डाएटवाली एक खाते आणि हॉकी खेळणारी सात. सरासरी चारच. पण दुसऱ्या टेबलाकडे मला लक्ष ठेवावं लागतं.’ हे दुसऱ्या टेबलाकडे लक्ष ठेवणं, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते बघणं, म्हणजेच प्रमाण विचलन. सर फळ्यावर वर्गमूळ काढत होते तेव्हा एवढंच सांगितलं असतं तर! अर्ज फाडला. त्या पेपरात 61 मिळाले, ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही ‘बाकीचे 39 कुठे गेले’ म्हणालात.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, प्रयुक्त कोण? नाव लिहीत नाही आपण, म्हणून मी वाचलं, ‘स्त्री, वय 54, शिक्षण सातवी, व्यवसाय मेस.’ त्यांनी तुमची ती आखडणारी ओळ दोनदा वाचली आणि पुढचा प्रश्नच विचारला नाही.

तेव्हा धावपळीत आभार राहिले. तुमच्या झोपेच्या त्या दुपारांबद्दल मनापासून आभार, काकू. अर्जाबद्दल तर जास्तच.

आता एम.ए.ला परत प्रयुक्त लागतोय. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेव्हा येते. काही करत बसू नका, भेळ मी आणते. आणि या वेळी शब्दांची यादी नीट तपासून आणलीय.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची, साडेतीन पोळ्यांवाली