जॉबरचा डावा स्पीकर

सोलापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

माग दुरुस्त करणाऱ्या आपल्या जॉबरच्या स्पीकरची जोडी उद्या तुझ्याकडे निघतेय. वहिनींनी स्वतःहून तुझं नाव घेतलं. उजवा त्यानं पूर्ण केला होता, डाव्याचं काम राहून गेलं. ते तुझ्या हातून व्हावं, आणि त्याच्याच पद्धतीनं व्हावं, म्हणून सविस्तर लिहितोय.

डाव्या वूफरच्या, म्हणजे खालचे सूर देणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेचा फोम बोट लावलं की काळा, चिकट होऊन हाताला येतो. पॉलियुरेथेनचा फोम ओल आणि उष्णतेनं पंधरा-वीस वर्षांत वाजवला नाही तरी कुजतो, आणि आपल्याकडचा उन्हाळा तुला ठाऊक आहे. कोन (समोरचा कागदी पडदा), कॉईल (त्यामागचं तारेचं वेटोळं), मॅग्नेट मात्र शाबूत आहेत. नवा वूफर आणू नकोस, जोडी मोडेल.

फोमची नवी रिंग मागवताना नुसतं ‘८ इंची’ म्हणून भागत नाही. कोनाचा बाहेरचा व्यास आणि फ्रेमवर रिंग चिकटते तिथलं माप, दोन्ही मिलिमीटरमध्ये घे. जुना फोम ब्लेड आडवं धरून खरवड. राहिलेला डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुस, पण कापूस निथळत ठेवू नकोस, कागदी कोन मऊ पडतो.

खरं काम पुढे आहे. कोनाच्या मधोमध असलेली डस्ट कॅप (धूळ अडवणारी टोपी) कडेनं कापून अलगद उचल. कॉईल आणि आतला लोखंडी खांब यांच्या फटीत जुन्या फोटो निगेटिव्हच्या चार पट्ट्या चार बाजूंनी सरकव. सैल नकोत, कोंबलेल्याही नकोत. रिंग आधी कोनाला चिकटव, ती पूर्ण वाळली की मग फ्रेमला. पांढरा फेव्हिकॉल वापर. रबर सोल्यूशन टेकताक्षणी धरतं, मग केसभरही सरकवता येत नाही. २४ तासांनी पट्ट्या काढ आणि दोन्ही अंगठ्यांनी कोन समोरासमोर सारखा दाब. बारीक खरखर आली तर कॉईल घासतेय. तसंच वाजवलंस तर तारेवरचं इनॅमल जाऊन कॉईल शॉर्ट होईल. फ्रेमकडची कड सोडवून पुन्हा लाव. खरखर नसेल तरच कॅप परत चिकटव.

या दाबण्याच्या वेळी जॉबर घरातला पंखासुद्धा बंद करायला लावायचा. मागाचा कुठला नट ढिला झालाय हे आवाजावरून सांगणारा माणूस, तरी कोन तीन-तीनदा दाबून बघायचा. घाई कशी ती नव्हतीच त्याला.

वायर जोडण्याआधी १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लाव. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला, तर कोन बाहेर यायला हवा. दोन्ही वूफर सारखेच हलले पाहिजेत. एक उलटा राहिला तर खालचे सूर एकमेकांना मारतात आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध उभा राहत नाही.

ट्विटरच्या, म्हणजे वरचे सूर देणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, वाटेत ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर आहे. जुने इलेक्ट्रोलिटिक सुकतात, वरचे सूर मंद होतात. बदलायचाच तर दोन्ही बाजूंचा एकदम बदल. त्याच्या पुढचा २.२ ओम, १० वॅटचा रेझिस्टन्स मात्र काढू नकोस, ही माझी कळकळीची विनंती. त्यानं ट्विटर साधारण २ डेसिबल उतरतो एवढंच नाही. ८ ओमच्या ट्विटरला तो कपॅसिटर हिशेबानं ४,२०० हर्ट्झच्या खालचे सूर अडवतो, रेझिस्टन्स धरून ३,३०० च्या खालचे. म्हणजे तो काढलास की दोन गोष्टी एकदम बदलतात, आणि आवाजातला तो गोडवा जातो.

तुझ्या खोलीत आवाज टोचला तर आधी खोलीकडे बघ. त्याच्या घरी उघड्या भिंती, खाली शहाबादी फरशी. टाळी वाजवली की झणझणायचं. म्हणून त्यानं समोरच्या भिंतीवर सोलापुरी चादर सोडली होती, भिंतीपासून चार बोटं पुढे. चादरीनं वरचा झणत्कारच शमतो. खर्जाला ती काही करत नाही. खर्ज घुमायला लागला तर स्पीकर कोपऱ्यातून वीतभर पुढे घे, मग आणखी वीतभर, आणि प्रत्येक वेळी तेच गाणं लाव.

डावा स्पीकर त्याच चादरीत गुंडाळलाय. परत पाठवू नकोस, ती स्पीकरसमोरच लाव असं वहिनींनी सांगितलंय.

तुझा,
सोलापूरचा मित्र